दिवा नसलेला भैरोबा

टेकडीवरच्या या भैरोबाच्या गाभाऱ्यात पाय टाकला की आधी काहीच दिसत नाही. पाहुणे दिवा लावायला काडेपेटी शोधू लागतात, तेव्हा म्हातारे गुरव त्यांना हटकतात. "तेल आणलंय नव्हं? मग दारातल्या दगडी डोणीत ओता. आमच्या देवाला दिवा चालत न्हाई." मग पायरीवर टेकून ते जी हकीकत सांगतात ती अशी.

फार मागे, पावसाने पाठ फिरवली त्या साली, वाडीतले खुरासणीचे, म्हणजे घाण्यावर तेल काढायच्या बियांचे, पीक बुडाले. सगुणाबाईच्या घरात तेवढे एक गाडगे तेल उरले होते. त्याच सुमाराला तिची सून हिरा बाळंत झाली, मुलगा झाला. आधीची नातवंडे मातीआड गेलेली. म्हणून सगुणाने भैरोबाला नवस केला म्हणे, की तुझा दिवा विझू देणार नाही, एवढा नातू वाचव.

नवस बोलली सगुणा, तो फिटू लागला हिराच्या ताटातून. गाडग्यातले तेल रोज टेकडी चढू लागले आणि बाळंतिणीपुढे कोरडी नाचणीची भाकरी येऊ लागली. हिराच्या अंगावरचे दूध पातळ, निळसर झाले. पोर दिवसभर लुचे आणि तरी किरकिरे. त्याच्या मांड्यांची कातडी लोंबू लागली.

"आत्याबाई, भाकरीवर थोडं तेल घाला. दुधात काय ऱ्हायलंच न्हाई बघा," हिरा एकदाच म्हणाली.

"देवाचं हाय ते. त्याचा दिवा हाय तवर पोराला काय व्हत न्हाई," सगुणा म्हणाली. ती दुष्ट नव्हती. नातवावर तिचा जीव होता आणि तिला खरोखरच तसे वाटत होते. या हकीकतीत याहून वाईट काही नाही.

पोर गेले. त्याला पुरून परतताना सगुणाने वर पाहिले, तर देवळातला दिवा जसाच्या तसा जळत होता. ती तशीच टेकडी चढली, चिमटीने वात विझवली आणि दिव्यातले आणि शेजारी ठेवलेल्या बुधलीतले सगळे तेल घेऊन घरी आली. हिरापुढे भाकरी ठेवून त्यावर ओतू लागली. "पुरं का गं?" हिरा बोलली नाही. सगुणा ओततच राहिली, तेल ताटाबाहेर आले. मग हिरा उठली, ते ताट उचलून तिने शेजारच्या ठकूपुढे नेऊन ठेवले. ठकूच्या कुशीत नुकतीच जन्मलेली मुलगी होती. ती जगली. हिरा मात्र सासूशी पुन्हा कधी बोलली नाही, असे सांगतात.

आजही हा गाभारा अंधाराच असतो. डोणीतले तेल वाडीतल्या ओल्या बाळंतिणींच्या घरी जाते आणि पहिल्या जेवणाला सासूने ते आपल्या हाताने वाढायचे असते. "पुरं का?" असे तिने विचारायचे. सुनेने उत्तर द्यायचे नसते. सून खाली मान घालून गप्प बसते आणि सासू पुन्हा पळी बुडवते.