तिसऱ्या पायरीवरचा ठोका

कार्तिक शुद्ध दशमी. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. पावसाचा सलग तिसरा दिवस, वारा पूर्वेकडून, कोसमी नदीचे पाणी खांबांच्या गळ्याशी. या वेळी सावळझरीचा रेल्वेपूल पडला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तारीख आणि वेळ यांवर आजवर कोणी वाद घातलेला नाही. बाकी सगळ्यावर घातला आहे.

सावळझरीला आता रेल्वे नाही. नदीत सहा दगडी खांब उभे आहेत. डाव्या काठाकडून तीन मोजले की मोठी फट लागते, आणि तिच्यापलीकडे उरलेले तीन. फटीच्या मधोमध, पाणी उतरले की, चौथ्या खांबाचे गुडघाभर उंचीचे थोटूक दिसते. काठावर सरकारी बांधकाम खात्याने निळी पाटी लावली आहे: ‘हा ऐतिहासिक पूल भीषण वादळात वाहून गेला.’ पुढे पुलाची लांबी आणि कचरा टाकू नये अशी विनंती.

दर कार्तिक दशमीला गावचे लोक त्या थोटकापर्यंत पाण्यातून चालत जातात. प्रत्येक जण नदीतला एक गोटा उचलतो, थोटकावर दोन ठोके मारतो आणि उभा राहतो. कोणी बोलत नाही. साधारण दहा श्वास झाले की गोटा हातात घेऊन सगळे वर येतात आणि टेकडीवरच्या सरकारी विश्रामगृहाकडे निघतात. त्याला गावात नुसते ‘बंगला’ म्हणतात. बंगल्याला पाच पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर एकेक जण एकच ठोका मारतो, गोटा तिथेच ठेवतो आणि घरी जातो. नुकतीच लग्न झालेली जोडपी आणि परगावी कामाला निघालेली माणसे वर्षात केव्हाही हे करून जातात.

यंदा शहरातून पंचवीसेक हौशी मंडळी हा प्रकार पाहायला आली होती. मी चौथ्यांदा आलो होतो. माहिती सांगायला पंचफुलाबाई आत्राम होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात बाभळीची काठी, बोलणे सावकाश. ज्याच्यामुळे ही रीत पडली, त्या दसरू आत्रामच्या त्या नातसून. दसरूची बायको जंगाबाई ही त्यांची आजेसासू. लग्न होऊन आल्यावर सात वर्षे पंचफुलाबाईंनी तिच्याच तोंडून हे ऐकले.

सुरुवातीलाच एकाने नेहमीचा प्रश्न विचारला. पुलाच्या पायात नरबळी दिला होता का?

पंचफुलाबाई त्याच्याकडे वळल्या. “दरसाली एक जन हेच इचारते,” त्या म्हणाल्या. “पायात कोनाले पुरलं नाही, बाप्पा. पायातून काढलं.”

मग त्यांनी सांगितले ते असे.

पूल बांधला तेव्हा दगड बारा कोसांवरच्या खाणीत घडवून गाड्यांनी आणत. कोणता दगड कोणत्या खांबाचा हे कळावे म्हणून पाथरवटांनी प्रत्येकावर उभ्या रेघा कोरल्या. पहिल्या खांबाला एक रेघ, दुसऱ्याला दोन. चौथ्याला चार. प्रत्येक खांबाच्या पायाभोवती नदीच्या तळात मोठे घडीव दगड अंथरले होते, पुराच्या पाण्याने तळ उकरू नये म्हणून. त्यांच्यावरही त्या रेघा होत्या. पूल चाळीस वर्षे जागचा हलला नाही, असे सांगतात.

दसरू त्या पुलावरचा चावीवाला होता. रोज सकाळी हातोडी घेऊन रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत पाच मैल जायचे आणि पाच मैल यायचे, हे त्याचे काम. लिहिता-वाचता येत नव्हते. पण ठोक्याच्या आवाजावरून त्याला लोखंड आणि दगड दोन्ही कळत. कोणता बोल्ट दमला, कोणत्या खांबात ओल शिरली, हे तो ऐकून सांगे, आणि म्हणे, ते खरे निघे.

एका उन्हाळ्यात रेल्वे कंपनीच्या धाकट्या साहेबाने टेकडीवर बंगला बांधायला काढला. त्या वर्षी नदी पार आटली होती. वाळूतून बैलगाडी थेट चौथ्या खांबापर्यंत जाई. गड्यांनी त्या खांबाच्या पायाभोवतीचे दगड उचलायला सुरुवात केली. दसरूने विचारले, तेव्हा मुकादमाने सांगितले की जुने झिजलेत, नवे बसवायचे आहेत. दसरूने विश्वास ठेवला. इतकेच नाही, गडी कमी पडले तेव्हा त्याने स्वतः पहार लावून दगड गाडीत चढवले. दोन दिवस तो हे करत होता. जंगाबाई ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबत असे, असे पंचफुलाबाई म्हणाल्या.

नवे दगड आले नाहीत. पावसाळा लागला. दोन पूर गेल्यावर दसरूला चौथ्या खांबाचा आवाज वेगळा लागला. इतर सहा खांब भरीव बोलत, हा पोकळ. त्याने स्टेशनमास्तरला सांगितले. मास्तरने धाकट्या साहेबाला कळवले. साहेब ट्रॉलीवर बसून आला, खांबाला बुटाची टाच मारली आणि म्हणाला की मला काही वेगळे ऐकू येत नाही. दसरूने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्याला ताकीद मिळाली, की विनाकारण गाडी अडवलीस तर नोकरी जाईल.

तेव्हा दसरूने शपथ घेतली. ते दगड माझ्या हाताने गेले, म्हणून ते परत येईपर्यंत नदीला पाणी असताना एकही गाडी मी ऐकल्याशिवाय पुलावर जाऊ देणार नाही. त्याने ड्रायव्हर करीमखाँशी परस्पर ठरवले. गाडी पुलाच्या अलीकडे थांबवायची. दसरू पुलावरून चालत चौथ्या खांबापर्यंत जाईल, लोखंडी शिडीने खाली उतरून खांबाच्या माथ्यावर दोन ठोके मारील आणि कान लावील. आवाज भरीव वाटला तर तिसरा ठोका वर गर्डरवर, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईवर. करीमखाँने रुळाला कान लावून बसायचे; लोखंडातून ठोके त्याला येतील. तिसरा आला की गाडी सोडायची.

सगळा भाद्रपद आणि आश्विन हे असे चालले. उतारू वैतागत. ‘दसरूची गाडी पायी चालते’ असे गावात म्हणू लागले. आवाज दिवसेंदिवस वाईट होत होता, पण पाणीही ओसरत होते, आणि तिसरा ठोका पडत होता. जंगाबाईला तो म्हणाला होता, एवढा कार्तिक निघाला की झालं.

मग वादळ आले. समुद्र इथून दोनशे कोसांवर, पण त्या वर्षी वारा तिथून आत शिरला आणि तीन दिवस हटला नाही. दशमीला पांढरगावचा बाजार होता. दुपारची मिश्र गाडी आली: दोन डबे माणसांचे, पाच कापसाचे. दीडशेच्या आसपास उतारू. दसरू रुळात उभा. करीमखाँने गाडी थांबवली.

गार्ड छत्री सांभाळत पुढे आला. गाडी आधीच दोन तास उशिरा होती.

“पूल दिसतो ना समोर?” त्याने विचारले. “उभा आहे ना?”

“उभा हाय साहेब,” दसरू म्हणाला. “म्या कुठं नाही म्हनलं?”

“मग?”

“मले इचारून येऊ द्या त्याले.”

डब्यातले लोक हसले. एक बाई ओरडली, “माह्याही दादल्याले इचारून ये रे, घरी भात टाकू का नको!” आणखी हसू झाले. दसरूही हसला, म्हणे. मग तो हातोडी कमरेला खोचून, हातांनी रूळ धरत, पावसात पुलावर गेला.

करीमखाँने रुळाला कान लावला. त्याचे पाहून आणखी दहा-बारा जण डब्यातून उतरले आणि चिखलात गुडघे टेकून त्यांनीही कान लावले. ती बाईही उतरली, असे सांगतात.

खांबावरचे ठोके गर्डरमधून रुळात आले. एक आला. दुसरा आला. मग लोखंड गप्प झाले. करीमखाँने मनात श्वास मोजले. पुढे त्याने सगळ्यांना सांगितले, दहा झाले होते. अकरावा घेताना त्याच्या कानाखालचा रूळ थरथरला, आणि डोके वर करून त्याने पाहिले तेव्हा चौथा खांब नव्हता.

दसरूचे काही सापडले नाही. हातोडीही नाही.

हौशी मंडळींपैकी एका तरुण बाईने हळू आवाजात विचारले, “दहा श्वास म्हणजे बराच वेळ असतो. ते परत का नाही पळाले?”

गावात याची दोन उत्तरे आहेत. काही म्हणतात, शिडी वाऱ्याने सुटली असेल. काही म्हणतात, पळून आला असता तर लोकांनी पुन्हा हसून त्याला बाजूला सारले असते आणि गार्डने गाडी काढली असती. म्हणून तो थांबला, कान लावून. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. पंचफुलाबाईंनी तिसरे दिले.

“ऐकत असन,” त्या म्हणाल्या. “त्याचं कामच ते व्हतं.”

चौकशी झाली. तीन मोठे साहेब आले आणि नव्या बंगल्यातच उतरले. त्याच पाच पायऱ्या चढून ते चार दिवस आत-बाहेर करत होते. करीमखाँची साक्ष घेतली. जंगाबाईला बोलावले नाही. अहवालात आले की पूल वादळाने पडला, हा अस्मानी प्रकार आहे, कोणाचाही दोष नाही. पण पुढच्याच परिच्छेदात एक दोष सापडला. चावीवाला दसरू याने महिनोन्महिने विनापरवाना खांबावर हातोडी मारल्यामुळे दगडांचे सांधे ढिले झाले असावेत. ‘असावेत’ हा शब्द मी त्या छापील अहवालात माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. त्या एका शब्दावर जंगाबाईला आठ दिवसांत कंपनीची खोली सोडावी लागली. पूल पुन्हा बांधला नाही. रेल्वे वीस मैल दक्षिणेकडून गेली. आणि सावळझरीत बरीच वर्षे लोक म्हणत राहिले की दसरूने ठोकून ठोकून पूल पाडला. ज्यांचे आजे त्या गाडीत होते, तेही म्हणत.

जंगाबाईला काम मिळाले ते बंगल्यावर, झाडलोटीचे. पुढच्या दिवाळीला साहेब लोक येणार म्हणून तिने पायऱ्या काथ्याने घासून धुतल्या. तिसऱ्या पायरीवरचा चुना निघाला आणि खाली चार उभ्या रेघा दिसल्या. दसरूने तिला रेघा ओळखायला शिकवले होते. ती पायरीवर किती वेळ बसली हे तिने कधी सांगितले नाही.

दहा दिवसांनी दशमी आली. ती नदीत गेली, थोटकावर गोट्याने दोन ठोके मारले, थांबली. मग तोच गोटा घेऊन टेकडी चढली. बंगल्याच्या व्हरांड्यात धाकटा साहेब पाहुण्यांबरोबर चहा घेत होता. तिने तिसऱ्या पायरीवर ठोका मारला. दगड खणखणीत वाजला. तेव्हा ती म्हणाली, असे सांगतात:

“दगड पक्का हाय, साहेब. आता आना गाडी.”

तिला त्याच दिवशी कामावरून काढले. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. तिच्याबरोबर त्या गाडीत हसलेली ती बाईही होती. त्यानंतरच्या वर्षी सतरा जण होते.

इथे गोष्ट संपते. दंतकथा म्हणतात की थोटकाशी निश्चल उभे राहिले तर तिसरा ठोका पाण्याखालून ऐकू येतो. मी चार वर्षे उभा राहिलो आहे. मला पलीकडच्या शेतातला मोटरपंप ऐकू आला. हे मी पंचफुलाबाईंना सांगितले.

“ज्याईले ऐकू याले पायजे त्याईले येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमाले कसं येईन?”

दुसरा चमत्कार असा सांगतात की बंगल्याच्या तिसऱ्या पायरीवर काही टिकत नाही. खात्याने तिला चुना लावला, तेलरंग दिला, दोन वर्षांपूर्वी वर चकचकीत फरशी बसवली. दर दशमीला ती फुटते, खाते पुन्हा बसवते. यात चमत्कार नाही. तीनशे माणसे तिच्यावर गोटे मारतात. खात्याने गेल्या वर्षी ‘अज्ञात समाजकंटकां’विरुद्ध तक्रार दिली. ते अज्ञात नाहीत. त्यांत सरपंच आहेत, शाळेच्या बाई आहेत, आणि तक्रार लिहून घेणारा हवालदारही आहे.

पंचफुलाबाईंना पूल नको आहे. गाडी नको आहे. अहवालातले ते एक वाक्य खोटे होते, एवढे कोणीतरी लिहून द्यावे, इतकीच त्यांची मागणी आहे. मी त्यासाठी अकरा अर्ज केले. आठांना उत्तर नाही. दोहोंना ‘अभिलेख उपलब्ध नाही’. शेवटच्या अर्जासोबत मी पायरीचा फोटो जोडला होता. उत्तर आले की दगडांवरील खुणा हा या कार्यालयाचा विषय नाही.

यंदाही फरशी फुटली. पाहुण्यांनी फोटो काढले आणि ते बसकडे गेले. पंचफुलाबाई सर्वांत शेवटी पायरीशी आल्या. त्यांना वाकवत नाही, म्हणून त्यांनी काठीच्या टोकाने ठोका मारला. मग काठीनेच फरशीचे तुकडे बाजूला सारले.

आजही त्या चार रेघा तिथे आहेत. बोट फिरवले तर लागतात. चौथ्या खांबाच्या पायातला तो दगड नदीतून टेकडीवर कोणाच्या हुकमाने आला, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेले नाही.