हिरवी खूण आणि ‘योग्य’

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या प्रवचनांचा ग्रंथ सिद्ध करवून घेत होते. करवून, कारण कष्ट शिष्येचे होते. आश्रमाचा नियम असा, की आचार्यांना वाचून दाखवल्याशिवाय मजकुरातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. म्हणून ती रोज जेवणानंतर एकेक दुरुस्ती मोठ्याने वाची, आचार्य मिटल्या डोळ्यांनी “योग्य” म्हणत, आणि मग ती संगणकावर बदल करी. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटे: जतन झाले.

तीन आठवडे फाइल उघडीच होती. छापखान्याला मजकूर द्यायला चार दिवस उरले असताना वीज गेली. परत आल्यावर पाहते तो एकही दुरुस्ती शिल्लक नाही. तिने संगणकवाल्याला फोन लावला.

“मूळ फाइलीत गेलंच नव्हतं, ताई. तात्पुरत्या प्रतीत साठत होतं. ती पुसली गेली.”

“मग ‘जतन झाले’ कशाला म्हणतो?”

“तो तसंच म्हणतो.”

आचार्यांनी सगळ्यांदेखत तिची हजेरी घेतली. “खूण दिसली की निश्चिंत? आत काही उतरलं का, हे पाहायला नको? यालाच प्रमाद म्हणतात.”

तिला रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती कागद घेऊन नेहमीच्या जागी बसली आणि नेहमीच्याच आवाजात वाचू लागली.

“हत्तीची गोष्ट सात ठिकाणी होती, सहा ठिकाणी गाळली.”

“योग्य.”

“आचार्यांच्या नावामागचं ‘परमपूज्य’ काढलं.”

“योग्य.”

“प्रस्तावनेत घातलं, की आचार्य दुपारी असे घोरतात की गोठ्यातली म्हैस बिचकते.”

“योग्य.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आचार्यांनी डोळे उघडले. “काय वाचलंस?”

“तीन आठवडे मी दोघांना विचारत होते, गुरुजी. यंत्र खूण दाखवायचं, तुम्ही ‘योग्य’ म्हणायचात. यंत्राने वीज जाईपर्यंत तरी सांभाळलं. तुम्हाला त्यातली एक तरी दुरुस्ती आठवते?”

“काल मी जे बोललो...” आचार्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. चूक कबूल करायची वडीलधाऱ्यांना सवय नसते. मग तक्क्या बाजूला सारून ते ताठ बसले.

“वाच. पहिल्यापासून.”

तिने पहिली दुरुस्ती वाचली.

“थांब. हे मला पटत नाही.”

तिने पेन उचललं. आपलं वाचलेलं कुठेतरी पोचलं, अशी तिला प्रथमच खात्री वाटली.

ज्यांना आपलं कधीच काही खटकत नाही, त्यांनी ते ऐकलंय का, एवढं आपण आधी पाहून घ्यावं.