हिंगाची रिकामी डबी

फार वर्षांपूर्वी एका मांडणीवर हिंगाची डबी राहत होती. हिंग संपला तशी शेजारची मोहरी तडतडली, "आता तुझी जागा भंगारात!" बिचाऱ्या डबीलाही ते पटलं.

त्या दिवशी नैवेद्याचं वरण होतं, म्हणजे हिंगाऐवजी लसूण घालायची सोय नाही. घरच्या चंपावहिनींनी रिकाम्या डबीत चमचाभर कढत पाणी ओतलं.

"अहो, माझ्यात कुठे काय उरलंय?" डबी पुटपुटली.

वहिनींनी झाकण लावलं, डबी खळखळा हलवली आणि ते पाणी वरणात ओतलं.

जेवताना नणंद भुरका मारून म्हणाली, "वहिनी, काय वास सुटलाय! हिंग कुठला आणलात?"

"संपलेला, वन्सं!" वहिनी हसल्या.

मांडणीवर मोहरीनं सरकून डबीला जागा करून दिली. डबी झाकण उघडं टाकून निवांत वाळत बसली.