आवडाईची चिंधी

फार फार मागची गोष्ट. तेव्हा आमच्या बोरठाणात आवडाई नावाची शिंपीण राहायची. नवऱ्याबरोबर परगावाहून आली आणि त्याच वर्षी नवरा तापाने गेला, विहीरही आटली. गावाने या दोन्हींचं खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. कपडे मात्र तिच्याकडूनच शिवून घ्यायचे! आपलेच पूर्वज ते, काय बोलणार?

कापड उंबऱ्याबाहेरून द्यायचं, बाहेरूनच न्यायचं. आवडाई उरलेली कात्रणं जपून ठेवायची आणि रोजच्या कपड्यांवर लावायची. कुणाच्या बंडीच्या कडेला लाल गोट, कुणाच्या चोळीच्या पाठीवर हिरवा पोपट. असं म्हणतात, तो पोपट बघून खरे राघू शेतात बाईच्या मागे मागे फिरायचे.

शेजारच्या गिरजाचा कपडा मात्र ती स्वतःच तिच्या दारात नेऊन द्यायची आणि विचारायची, "गिरजाबाई, बसू का वाईच?"

"न्हाई गं बाई, भाकरी तव्यावर हाय."

गिरजाची भाकरी वर्षानुवर्षं तव्यावरच होती. आवडाई परत फिरायची आणि घरी येऊन कात्रणांशीच बोलत बसायची. फार वाईट वाटतं हे सांगताना.

मग दुष्काळ पडला. नवं कापड कोण घेणार? शिवण थांबली तशी कात्रणंही संपली, आणि आवडाईच्या दारात कुणी फिरकेना. कापड देता-घेताना लोक जे दोन शब्द बोलायचे, तेवढंच तिचं बोलणं होतं. आता तेही गेलं. दिवस दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही.

शेवटी तिने पाणवठ्यावर सांगितलं, "जुनंपानं आना बायांनो. सजवून देते. मला काय बी नको."

बाया पुन्हा येऊ लागल्या. विटलेल्या परकरांना अंजिरी झालरी लागल्या, फाटक्या टोपड्यांवर अंजिरी फुलं उमलली. असं म्हणतात, त्या उन्हाळ्यात फुलं काय ती तेवढीच होती, आणि मधमाश्या पोरांच्या डोक्यांवर येऊन बसायच्या, पण एकीनेही कुणाला डंख मारला नाही.

हे कापड येतं कुठून, असं कुणी विचारलं नाही. आवडाई आपलं लग्नातलं अंजिरी लुगडं कापत होती. ते संपलं तेव्हा तिने अंगावरचं कापायला घेतलं. असं म्हणतात, लुगडं आखूड झालं तशी तीही लहान लहान होत गेली. कुणी तिच्याकडे नीट बघतच नव्हतं, मग कळणार कसं?

एके दिवशी गिरजा लेकीचा परकर घेऊन आली. दार लोटलेलं होतं. आतून बारीक आवाज आला, "ठेव तिथंच. उद्या ने. आनि गिरजाबाई, जरा थांबतीस का? बाहेरूनच बोल कायतरी."

"उद्या बोलू की," गिरजा म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर परकर घडी घालून ठेवलेला होता. त्याला खाली चारी बाजूंनी लुगड्याचा काठ लावला होता. गिरजाने तो काठ ओळखला, तो आवडाईच्या अंगावरच्या लुगड्याचा होता. तिने हाक मारली. मग ती पहिल्यांदाच तो उंबरा ओलांडून आत गेली. भिंतीत सुई टोचलेली होती, कात्री खाली पडली होती. आवडाई कुठेच नव्हती. गावाने रान पालथं घातलं, नदी शोधली. ती कधीच सापडली नाही.

असं म्हणतात, गिरजा त्या रिकाम्या घरात संध्याकाळपर्यंत एकटीच बोलत बसली होती.

तेव्हापासून बोरठाणात नवा कपडा शिवला की त्यावर दुसऱ्या घरची चिंधी लावल्याशिवाय तो कुणी अंगात घालत नाही. तिला आवडाईची चिंधी म्हणतात. जी बाई घरात एकटी असते, तिच्याकडे आधी जायचं. चिंधी उभ्याने घ्यायची नाही. नव्या सुनेलाही हे पहिल्याच वर्षी शिकवतात: आत जायचं, ऐसपैस बसायचं आणि चिंधीचं नाव काढण्याआधी म्हणायचं, "काम काय न्हाई, तुमच्याशी बोलायला आले."