महाराजांच्या गाडीची हवा

फुस्स! इंद्रजितमहाराजांच्या विजेवरच्या गाडीची हवा पुन्हा गेली. तीही कुठे? राजवाड्यासमोरच्या तिठ्यावर, सगळी रयत मुजऱ्याला वाकलेली असताना!

तांबडगडच्या या राजानं पागेतले घोडे विकून बॅटरीच्या गाड्या आणल्या होत्या. घोडे म्हणे हरभरा फार खातात. गाड्या हरभरा खात नव्हत्या, पण रोज एकीचं तरी टायर बसायचंच. गेल्या दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघालेले महाराज वेशीपर्यंतही पोचले नाहीत. बैलगाडीत घालून परत आणावे लागले. शेजारचा राजा अजून हसतोय.

यावर दरबारानं काय केलं म्हणाल? अहो, दरबार तो! टायरकडे बघेल तर दरबार कसला? त्यांनी दृष्ट काढायला फाल्गुनबुवा नावाचा माणूस नेमला. हे बुवा दर शनिवारी प्रत्येक गाडीला नवी लिंबू-मिरची बांधायचे आणि जुनी तोडून तिठ्यावर भिरकावायचे. तरी पंक्चर झालंच, तर मान हलवून म्हणायचे, "दृष्ट जबर आहे. आता रोज बांधू!" मग रोज बांधायला लागले. पंक्चरं वाढली, आणि बुवांचा मानही वाढला. अकलेचा दुष्काळ याहून काय वेगळा असतो?

आज मात्र महाराजांचा चेहरा बघून बुवांनी हात झटकले. "दृष्ट मी उतरवली, महाराज. ही माणसाची करणी आहे. पंक्चर झालं की फायदा कुणाचा? पंक्चरवाल्याचा!"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. पंक्चर काढणाऱ्या भिवाअण्णांना धरून दरबारात उभं केलं.

"तूच रस्त्यात खिळे टाकतोस!" महाराज गरजले. "परवाच्या दसऱ्याला माझी गाडी बसली, तर तुझं दुकान मोडीन आणि तुला घरादारासकट राज्याबाहेर हाकलीन!"

"महाराज, टोचू नकोस म्हणून रस्त्याला मी कसं सांगू?" अण्णांना रडूच कोसळलं. जन्म गेला होता त्यांचा तिठ्याच्या कोपऱ्यावरच्या त्या दुकानात.

तेवढ्यात त्यांची लेक गोजरा पुढे आली. बापाच्या हाताखाली काम करून हात काळे झालेले, आणि जीभ कातरीसारखी.

"गाडी बसणार नाही, महाराज. पण माझी एक अट आहे."

"बापाला सोडवायला आलीस आणि अट मला घालतेस?"

"गाडी तुमची बसते, महाराज. माझी नाही."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. महाराजांनी दात खाल्ले. "बोल!"

"उतरवलेली लिंबू-मिरची तिठ्यावर टाकायची नाही. ज्यानं बांधली, त्यानंच ती इथं सगळ्यांसमोर बसून खायची. त्यात ओवलेला बिब्बा तेवढा सोडा, तोंड उतेल बिचाऱ्यांचं. बाकी ताटात काही ठेवायचं नाही."

"मी खाऊ?" बुवा ताडकन उठले. "गाडीची सगळी दृष्ट त्यात उतरलेली असते!"

"अगं बाई! बुवांना दृष्ट बाधत नाही असं तुम्हीच बाजारभर सांगत होता ना? का ते फक्त आम्हाला सांगायला?"

महाराज मूळचे हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत. जन्मात पहिल्यांदा तो हट्ट कुणाच्या तरी कामी आला. "आणा रे ताट! बुवा, बसा!"

महाराजांच्या गाडीवरची लिंबू-मिरची काढून ताटात वाढली. पहिल्या मिरचीला बुवांचे डोळे पांढरे झाले, दुसरीला नाक वाहायला लागलं. लिंबू सालीसकट, कडू जहर, तेही कसंबसं गिळलं. एवढा मोठा सिद्धपुरुष, पण हाय हुय करताना अगदी तुमच्याआमच्यासारखाच दिसत होता. शेवटी ताट सरकवून म्हणाले, "संपलं!"

"कुठं संपलं?" गोजरानं वाकून बघितलं. "हे राहिलंय की!"

"राहिलंय ते खा!" महाराज ओरडले. "ताटात काही ठेवायचं नाही!"

"अहो महाराज, ही ओवायची तार आहे, लोखंडाची!" बुवा कळवळले. "कशी खाऊ? टोचतेय! जीभ फाटेल माझी!"

हेच ऐकायला तर गोजरा थांबली होती. तिनं ओच्यातून तारेचा एक गंजका तुकडा काढला आणि ताटात टाकला.

"आज तिठ्यावर बसलेल्या टायरातून हा निघाला. लिंबू कुजतं, मिरच्या कोंबड्या टिपतात, तार तेवढी धुळीत पडून राहते. महाराज, जे बुवांच्या जिभेला टोचतं, ते टायरला टोचत नाही होय?"

महाराजांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा बुवांच्या लाल नाकाकडे, आणि खो खो हसत सुटले. "म्हणजे दृष्ट घालवायला आम्हीच रस्ताभर तारा पेरत होतो! बुवा, उठा! लोहचुंबक घ्या आणि इथून वेशीपर्यंतची एकूण एक तार वेचा!" मग गोजराकडे वळून म्हणाले, "पण पोरी, पंक्चरं थांबली तर तुझा बाप खाणार काय?"

"दर शनिवारी बुवांच्या जागी अण्णांना बोलवा. ते सगळ्या गाड्यांची हवा बघतील. हवा कमी असली की टायर दबतं, मग साधा काटाही आत घुसतो. आधीच गाडीला बॅटरीचं ओझं, त्यात वर..." गोजरा थांबली.

"वर काय?" महाराजांनी ढेरीवरचा शेला सारखा केला. "बोल ना! वर काय?"

"वर अख्ख्या राज्याचा भार, महाराज!"

महाराज इतके हसले की सारखा केलेला शेला सुटला.

दसऱ्याला गाडी वेस ओलांडून गेली आणि सोनं लुटून परतही आली. पुढे बुवा चुंबक घेऊन वाकून चालत होते. महाराजांनी रिकामी पागा भिवाअण्णांना दुकानासाठी दिली आणि गोजराला एक कोरी गाडी.

"नवी गाडी आहे," दिवाणजी चाचरत म्हणाले. "हिला लिंबू-मिरची बांधायची का?"

"बांधा की!" गोजरा गाडीत बसत म्हणाली. "पण दिवाणजी, दोऱ्यात ओवा!"