मुंग्यांच्या घरची राजकन्या

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला टेकडीवर क्रीडावन उभारायचे होते, पण टेकडी मुंग्यांनी भरलेली. राजाने वारुळांत उकळते पाणी ओतवले. एकच वारूळ उरले, तेव्हा टेकडीचा राखणदार, कालभृंग नावाचा मायावी, दरबारात आला.

"राजा, ज्यांची घरे तू बुडवलीस, त्यांच्यावाचून तुझी लेक जगणार नाही," तो म्हणाला. त्याच क्षणी सिंहासनाशेजारी उभी असलेली राजकन्या इंदुलेखा दिसेनाशी झाली.

राजाने चारी दिशांना स्वार धाडले. राणी शाल्मली एकटीच टेकडीवर गेली. तिथे खडकावर एक टिटवी बसली होती.

"टिटवीबाई, माझी लेक कुठे आहे?"

"वारुळाजवळच्या रानतुळशीत, कळीवर. मोहरीहून लहान पांढरे अंडे, तीच तुझी लेक. तीन कामे कर. अंडे शोध. अळी झाली की तिला राख. आणि मुंग्या तिला नेऊ लागल्या की नेऊ दे."

"शेवटचे काम कसले? ते तर स्वस्थ बसणे झाले."

"तेच तुला जड जाईल," टिटवी म्हणाली.

राणीने गुडघ्यांवर रांगत एकेक कळी पाहिली. चौथ्या दिवशी अंडे सापडले. त्यातून केसाएवढी अळी निघाली आणि फुले कुरतडू लागली. राणीने गांधीलमाश्या हाकलल्या, चिमण्या उडवल्या, पाऊस पाठीवर झेलला. विसाव्या दिवशी अळी आपणहून जमिनीवर उतरली. एक मुंगी आली. तिने अळीला मिशांनी चाचपले. अळीच्या पाठीवर मधासारखा थेंब आला. तो मुंगी प्यायली. मग अळीला जबड्यात उचलून ती वारुळाकडे निघाली.

राणीचा हात पुढे गेला. तिने तो मागे घेतला.

ही बातमी कळताच दुसऱ्या दिवशी राजा माणसे आणि कुदळी घेऊन आला. राणी वारुळापुढे उभी राहिली.

"देवी, बाजूला व्हा. आपली लेक मुंग्यांच्या तोंडी आहे. तुम्हाला हे सोसवते?"

"सोसवत नाही, महाराज. तरी कुदळ चालू देणार नाही. पहिला घाव माझ्यावर घाला."

राजाने हातातली कुदळ खाली ठेवली. मग त्याने माणसे परत पाठवली.

राणीने तिथेच खोप बांधली. थंडी आली, गवत वाळले. कधी कधी ती जमिनीला कान लावी. काही ऐकू येत नसे. तरी ती उठली नाही.

चैत्रात एका सकाळी वारुळातून ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला. मुंग्या त्याच्याभोवती चालत होत्या. तो गवताच्या काडीवर चढला. हळूहळू पंख उलगडले, नखाएवढे आणि निळे. फुलपाखरू उडून राणीच्या तळहातावर बसले, आणि समोर इंदुलेखा उभी राहिली. तिच्या केसांत माती होती.

निरोप मिळताच राजा धावत आला. "बाळ, खाली तुझे फार हाल झाले का?"

"नाही, बाबा. मुंग्यांनी मला त्यांच्या राणीमुंगीसारखे जपले. अन्न कमी पडले तेव्हा लेकरांच्या तोंडचा घास काढून मला भरवला."

राजाला वर पाहवेना. शाप सुटला होता. टेकडीवर कुणी नांगर किंवा कुदळ लावू नये अशी आज्ञा त्याने तिथेच दिली. मग पायातले जोडे हातात घेतले आणि जमीन न्याहाळत, एकेक पाऊल जपून टाकत तो उतरू लागला. पायथ्याशी पोहोचायला त्याला दुपार झाली.