लाल थेंब आणि पांढरं फडकं

विमानं आणि फडकी एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका विमानाच्या पोटात चाकांना आणि ब्रेकना जोर देणाऱ्या लाल तेलाची नळी होती. प्रत्येक उड्डाणाआधी विमान तपासणाऱ्या मुजावरबाई येत, पांढऱ्या फडक्याने नळी पुसत, पंपाने तेलाला दाब देत, दहा मिनिटं थांबत आणि पुन्हा पुसत.

एका सकाळी पहिल्याच पुसण्यात फडक्यावर लाल ठिपका उमटला.

"कालचा असेल," नळी हळूच म्हणाली. "पुसलंस ना? झालं तर मग."

"कालचा असेल तर दहा मिनिटांनी दिसणार नाही," फडकं म्हणालं.

विमान गुरगुरलं, "प्रवासी ताटकळलेत! रोज तपासता, रोज काही निघत नाही."

"निघत नाही हे रोज बघितल्यामुळेच कळतं," फडकं म्हणालं.

दहा मिनिटांनी फडक्याच्या कोऱ्या बाजूवर बोराएवढा डाग पडला.

नळी रडकुंडीला आली. "लपव ना! पुसणं हेच तर तुझं काम."

"माझं काम डाग पुसण्याचं नाही, दाखवण्याचं आहे," असं म्हणून फडकं बाईंच्या तळहातावर सपाट पसरलं.

"उड्डाण थांबवा. नळी बदलायची," बाई म्हणाल्या. काढलेली नळी बाकावर वाकवून पाहिली, तर तिला बोटभर चीर होती.

नवी नळी बसली. बाईंनी ती नव्या फडक्याने पुसली, दाब दिला आणि त्या थांबल्या. तेवढ्यात एक साहेब घाईघाईने आले. "कोरी नळी आहे, बाई. आता कसली वाट बघताय?"

बाईंच्या आधी विमानच बोललं, "साहेब, दहा मिनिटं व्हायचीत अजून."